जिन्यातले तिरके त्रिकोण

नायगाव (पूर्व),
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

आज पाणी लवकर आलं. पिंप भरलं. गोधडी गॅलरीत उन्हाला घातली. दुपारी मुगाची खिचडी केली, ती तळाला थोडी लागली. भांडं भिजत टाकून लिहायला बसलो आहे.

तीर्थरूप आशालताताईंना प्रल्हादचा नमस्कार. रामनाथरावांनाही सांगावा. त्यांचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे आणि तुमच्या गुडघ्याला तेल लावणं चालू असेल अशी खात्री आहे (संपदा म्हणायची, ताई तेल विसरेल पण तेल लावलं का हे दुसऱ्याला विचारायला विसरणार नाही). मी बरा आहे. वजन तेवढंच आहे. पुढच्या महिन्यात संपदाचं वर्षश्राद्ध आहे, पण त्यासाठी तुम्ही कणकवलीहून एवढ्या लांब मुळीच येऊ नका. गुडघा जपा. गुरुजींना सांगून ठेवलं आहे, स्वयंपाकाची सोय होईल, माझं सगळं व्यवस्थित चाललं आहे.

पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही दर गुरुवारी न चुकता फोन करता. तुम्ही विचारता, जेवलात का? मी हो म्हणतो. मग तुम्ही थांबता, मी थांबतो, आणि दोघंही रेंज गेली असं समजून फोन ठेवतो. मला बोलताना सुचत नाही. म्हणून पत्र. दुसरं म्हणजे, आमच्या इमारतीत गेल्या महिन्यात जो प्रकार झाला तो कुणाकडून तरी तुमच्या कानावर जाईलच (ही मंडळी गोव्याला जाताना कणकवलीत चहाला उतरतात), तेव्हा तो आधी माझ्याकडून कळलेला बरा. त्यात चोर मीच होतो. चोरी मात्र झालेली नाही.

सुरुवात गोधडीपासून करतो, कारण सगळं तिच्यामुळे झालं. तेराव्यानंतर तुम्ही कपाट आवरताना संपदाची अर्धी गोधडी निघाली होती, आठवत असेल. कडेचे सगळे तुकडे जोडून झालेले, आणि मधोमध परातीएवढं नुसतं पांढरं अस्तर. तुम्ही ती मांडीवर घेऊन बसलात. मला वाटलं, आता ही कणकवलीला जाणार. बहीण म्हणून तुमचा हक्क होता, हातही तुमचाच बसलेला. पण तुम्ही घडी घालून परत ठेवलीत आणि म्हणालात, "राहू दे प्रल्हादराव, तुमच्याकडेच." मी तेव्हा काही बोललो नाही. (तुम्ही गेल्यावर दिवसभर बोलायचं ठरवत होतो.) आता बोलतो. ताई, मी तुमचा फार आभारी आहे.

गोधडीतलं माझं ज्ञान एवढंच होतं की सुई मी ओवून द्यायची. संपदाला जवळचं दिसेनासं झाल्यापासून ते माझं खातं. सकाळी कामाला निघण्याआधी मी सुया ओवून तिच्या छोट्या उशीत टोचून ठेवायचो, त्या तिला दिवसभर पुरायच्या. स्टोअर खात्यात एवढी वर्षं काढली, पण वरिष्ठांनी माझ्या कामावर इतका विश्वास कधी टाकला नाही. तर तिच्यामागे मी आधी तिचा आराखडा शोधला. एखादा कागद असेल, मधे काय यायचं ते लिहिलेलं असेल, म्हणून कपाट, डबे, शिवणाचं मशीन, सगळं पाहिलं. काही नव्हतं. ती आधी काही ठरवतच नसावी. मग मी कापडाचे तुकडे घेऊन बसलो. रोज संध्याकाळी त्या पांढऱ्या जागेवर एक तुकडा ठेवायचा, बघायचं, उचलायचा. एवढंच. दिवाळी तशीच गेली.

सांडोरचा जयराम आमच्याकडे दारावर भाजी आणि केळी घेऊन येतो. संपदाशी तो अर्धा तास बोलायचा, माझ्याशी अर्धं मिनिट. एक दिवस त्याला दारातून ती अंथरलेली गोधडी दिसली. म्हणाला, "काका, काकूंची अजून तशीच? आमच्या वाडीशेजारी उर्सुलाबाई आहे, ती शिकवते. या की शनिवारी." मी नुसतं बघू म्हणालो. (माझं बघू म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.) पण पुढच्या शनिवारी तो रिक्षाच घेऊन खाली उभा राहिला. त्याचेही आभार लिहून ठेवतो, कारण तोंडाने मानले तेव्हा त्याने मला एक दुधी भोपळा देऊन गप्प केलं.

उर्सुलाबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. घरात त्या त्यांच्या बोलीत बोलतात, ती मला कळत नाही. माझ्याशी शाळेतली मराठी बोलतात, आणि ती इतकी स्पष्ट की कळून न घेण्याची सोय नाही. ओट्यावर सगळ्या बायका आणि मी. मी सुया, दोरा, कात्री, सगळं नीट डब्यात घालून नेलं होतं. बाईंनी डबा बाजूला ठेवला आणि हातात पाठकोरा कागद आणि पेन्सिल दिली. म्हणाल्या, "गोल काढ, चौकोन काढ, त्रिकोण काढ. चौथं काही काढायचं नाही."

मला वाटलं, ही माझी परीक्षा आहे. मी शाळेत सातवीत फुलदाणी काढली होती, तिला चित्रकलेच्या मास्तरांनी बादली समजून पास केलं होतं. ते मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बादली काढ. बादली म्हणजे चौकोन आणि वर गोल." अशा रीतीने मी बसलो. शेजारच्या बाईच्या कागदावर त्या तीन आकारांतून मासे, चर्च, जावळ काढलेलं मूल, काय काय उगवत होतं. माझ्या कागदावर एका ओळीत गोल, एका ओळीत चौकोन, एका ओळीत त्रिकोण, जशी स्टोअरमधली शिल्लक. बाई पाहून म्हणाल्या, "अरे बाबा, हे कवायतीला उभे केलेस काय? भेटू दे त्यांना एकमेकांना." मी एक त्रिकोण चौकोनाच्या डोक्यावर ठेवला. तो डावीकडे कलला. खोडायला गेलो तर बाईंनी रबर काढून घेतलं ते आजतागायत परत दिलेलं नाही. त्यांच्याकडे खोडत नाहीत. चुकलेल्याच्या शेजारी दुसरं काढायचं, म्हणजे चुकलेलं एकटं पडत नाही. टाका उसवून उसवून कापड मरतं, म्हणून ही सवय कागदावरच मोडायची असं त्यांचं म्हणणं. हात रिकामा असेल तेव्हा काढत जा, मन लावून काढू नको, कापड पुढ्यात आलं की हाताला आपोआप ठाऊक असतं, असंही म्हणाल्या. सुई मिळायला मला नाताळ उजाडला.

तोपर्यंत मला सवय लागली होती. पेपरचा समास, औषधाची पिशवी, गॅसवाल्याची पावती, सगळीकडे चौकोनावर तिरका त्रिकोण आणि पोटात गोल. घर, छप्पर आणि त्यात कुणीतरी, असं म्हणा. त्रिकोण कायम डावीकडे. बाई म्हणायच्या, "तुझ्या घरावर नेहमी वारा." पेन्सिल सारखी हरवायची, म्हणून मी संपदाचा शिंप्याचा खडू खिशात ठेवू लागलो. इथे चूक झाली.

आता आमच्या जिन्याबद्दल. लिफ्टमध्ये संपदा एकदा अडकली होती, तेव्हापासून ती लिफ्टला हात लावत नसे. चौथा मजला, आणि तिचे गुडघे तुमच्यासारखेच. ती दम घ्यायला ठरलेल्या जागी थांबायची. दुसऱ्या मजल्यावर संग्रामच्या दाराशी, तिसऱ्यावर फ्रान्सिसच्या दाराशी, आणि आमच्या मजल्यावर मी कुलूप उघडेपर्यंत दाराच्या बाजूच्या भिंतीला टेकून. मीही थांबायचो. आता मला थांबायचं काही कारण नाही, दम लागत नाही, पण पाय थांबतात. आणि पाय थांबले की हात रिकामा. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. मी मात्र ओळखलं नव्हतं, खरंच सांगतो. मला इतकंच आठवतं की मी थांबायचो.

संपदाचा फोन मी चार्ज करून ठेवतो. (यात विशेष काही नाही, फोन बंद राहिला की खराब होतो असं म्हणतात.) सोसायटीच्या ग्रुपमध्ये घरटी एकच नंबर आहे आणि आमच्या घराचा तो तिचा. रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात, ती मी बघतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फुलांच्या जागी फोटो आला. आमच्या संग्रामने टाकलेला. हा संग्राम सोसायटीचा सेक्रेटरी, कंप्युटरमध्ये नोकरीला, हुशार, मदतीला धावणारा, फक्त त्याला सगळ्या गोष्टींचा अर्थ लागतो. फोटोत त्याच्या दाराशेजारची भिंत होती, भिंतीवर चौकोन, त्यावर त्रिकोण, आत गोल, आणि त्याने लाल बाण काढून खाली लिहिलं होतं: सावधान! चोर घरं हेरून खुणा करून जात आहेत. पाठोपाठ फ्रान्सिसच्या भिंतीचा फोटो, मग माझ्याच भिंतीचा.

त्रिकोण डावीकडे कललेला होता. आपलं अक्षर आपल्याला ओळखू येतं तसा मी तो ओळखला आणि खुर्चीत बसलो.

तासाभरात संग्रामने खुणांचा उलगडा केला. त्रिकोण म्हणजे घरात बाईमाणूस एकटं, चौकोन म्हणजे लोखंडी कपाट, गोल म्हणजे दागिने. फ्रान्सिसच्या भिंतीवरचा गोल जरा मोठा आला होता (तिथे संपदा जास्त वेळ थांबायची). त्याने लिहिलं, माझ्याकडे दागिने नाहीत, कुत्रा आहे. लगेच सुधारणा झाली, मोठा गोल म्हणजे कुत्रा. फ्रान्सिसचा कुत्रा सशाएवढा आहे आणि पाववाला घंटी वाजवत त्याच्या अंगावरून पाय टाकून गेला तरी उठत नाही. पण त्या दिवसापासून फ्रान्सिस त्याच्याकडे आदराने बघतो.

सगळ्यांत जास्त त्रास पहिल्या मजल्यावरच्या चंद्रकांताबाईंना झाला. त्यांच्या दारावर खूणच नव्हती. आधी त्यांना हायसं वाटलं, मग दुपारपर्यंत विचार करून त्या संतापल्या. ग्रुपवर बोलून पाठवलं, "आमच्याकडे काय चोरण्यासारखं काहीच नाही? मुलीच्या लग्नाचं सगळं घरात आहे, सांगून ठेवते!" संग्रामला तो निरोप पुसून टाका म्हणून त्यांच्या पाया पडावं लागलं.

मी तेव्हाच कबूल व्हायला हवं होतं हे मला कळतं. पण ग्रुपवर लिहायचं म्हणजे संपदाच्या फोनवरून. तिच्या नावाने "त्या खुणा माझ्या आहेत" असं गेलं असतं तर निम्मी इमारत विरारला राहायला गेली असती. म्हणून समक्ष सांगायला खाली गेलो. संग्रामने मला पाहताच माझा हात हातात घेतला. "काका, घाबरू नका. तुमचं घर टार्गेट आहे, पण आम्ही आहोत ना!" मग त्याने मला धीर म्हणून खुर्ची दिली आणि काम दिलं. मी निवृत्त, दिवसभर घरी, कमी बोलतो, म्हणजे लक्ष जास्त असणार. मी सकाळी जिन्याखाली बसायचं आणि चोर धरायचा.

मी बसलो. ताई, स्वतःला धरायला बसलेल्या माणसाला वेळ कसा घालवावा ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला उठलो तेव्हा समोरच्या मीटरच्या पेटीवर ताजं घर होतं, छप्पर डावीकडे. संग्राम थक्क झाला. पहारेकऱ्याच्या नाकासमोर खूण करून गेला म्हणजे साधा चोर नाही, असं तो म्हणाला. मलाही क्षणभर त्या चोराचं कौतुक वाटलं.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पण मग प्रश्न आला की सकाळी जिन्याने वर कोण कोण जातं, आणि उत्तर निघालं जयराम. तो संग्रामकडे जातो, फ्रान्सिसकडे जातो, माझ्याकडे येतो. चंद्रकांताबाईंचं आणि त्याचं गवारीवरून भांडण झाल्यापासून त्यांच्याकडे जात नाही. सगळं जुळलं. दुसऱ्या दिवशी वॉचमनने त्याला फाटकावर अडवलं. मी खुर्चीवरून पाहत होतो. तो केळीचा घड खांद्यावरून उतरवून उन्हात उभा राहिला, बायका खाली जाऊन लांबूनच भाजी घेऊ लागल्या. मी जवळ गेलो तर हसून म्हणाला, "काका, चोर झालो मी. आता वांगी आडवाटेने आणावी लागणार." तो हसला, पण त्याने त्या दिवशी कुणाला जास्तीची कोथिंबीर घातली नाही. संग्राम उद्या पोलिसांत तक्रार देणार असं ठरलं आणि त्यासाठी संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा बोलावली.

सभेत मी आजवर हात फक्त ठराव मंजूर करायला वर केला आहे. त्या दिवशीही केला, तर संग्रामने मंजूर म्हणून लिहून घेतला. मग मी उभा राहिलो. मी म्हणालो, "त्या खुणा माझ्या आहेत." मग संग्राम अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मला वाटतं त्यांना वाटलं, दुःखाने माणूस असा होतो. तेव्हा मी खडू काढला आणि पार्किंगच्या खांबावर घर काढलं. छप्पर नेहमीसारखं कललं. फ्रान्सिसने फोनमधला फोटो शेजारी धरला. कुत्र्यासकट सगळ्यांनी पाहिलं. संग्राम म्हणाला, "पण मग अर्थ काय त्याचा?" मी म्हणालो, गोधडीचा सराव आहे. तो इतका हिरमुसला की मलाच वाईट वाटलं. आणि मागून चंद्रकांताबाई म्हणाल्या, "मग आमच्या दाराशी सराव करायला काय झालं होतं?"

याचं उत्तर मी सभेत दिलं नाही. पहिल्या मजल्यापर्यंत संपदाला दम लागत नसे, एवढंच उत्तर होतं. ते पार्किंगमध्ये मला सांगता आलं नसतं.

मी रात्रीच्या जेवणाआधी ओलं फडकं घेऊन खुणा पुसल्या (भिंत खरखरीत आहे, अजून पुसट दिसतात). सकाळी संग्राम स्वतः फाटकावर गेला, जयरामची माफी मागितली आणि घड उचलून वर आणला. दोन मजल्यांत त्याला घाम फुटला. जयरामने त्याला इतकी कोथिंबीर दिली की ती त्याने ग्रुपवर विचारून वाटली.

दुपारी चंद्रकांताबाई वर आल्या. मला वाटलं, आता हिशेब. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "भाऊ, संपदावहिनी थांबायच्या तिथेच काढल्यात ना? माझ्या रात्री ध्यानात आलं. मी कितीदा म्हणायची, बसा घटकाभर, पाणी घ्या. त्या म्हणायच्या, अजून दम कुठे लागलाय." मी मान हलवली. त्यांनी पिशवीतून मोरपिशी पैठणीचा जुना काठ काढून दिला. गोधडीत घाला म्हणाल्या. जिना उतरताना त्यांनी हे किती जणांना सांगितलं माहीत नाही, पण संध्याकाळी संग्राम आपला ऑफिसचा निळा शर्ट घेऊन आला, फ्रान्सिसने त्याच्या आईच्या फ्रॉकचं फुलाफुलांचं कापड दिलं (आणि कुत्र्याची जुनी गादी, ती मी परत केली), जयरामने हिरव्या चौकड्यांचा गमछा. सगळे दारातच थांबले. यांच्यात मी इतकी वर्षं राहतो आणि मला ही माणसं फक्त संपदाच्या ओळखीची वाटत होती.

तर मधल्या पांढऱ्या जागेत आता चार घरं बसली आहेत. छपरं डावीकडे कलली आहेत. उर्सुलाबाईंनी पाहून फक्त एवढंच विचारलं, "हात थांबला होता कुठे?" मी म्हणालो, नाही. खरंच थांबला नाही. आणि परवा पोळीला पीठ पसरताना मला आठवलं की गुरुवारी तुमच्याशी फोनवर बोलताना संपदा पोळपाटावरच्या पिठात बोटाने काहीतरी काढत बसायची. गोल, चौकोन. फोन झाला की हाताने पुसून पोळ्या लाटायची. तेव्हा मला वाटायचं, फोन लांबला. आता वाटतं, कडेचे ते सगळे तुकडे तुमच्याशी बोलतानाच ठरले असतील. म्हणजे ही गोधडी तुमचीही आहे. त्याबद्दलही आभार मानायचे होते.

मुलांना आशीर्वाद. रामनाथरावांना थंड पाणी देऊ नका.

आपला,
प्रल्हाद

ता. क. पत्राच्या समासात जी घरं दिसतात ती मी काढलेली नाहीत असं म्हणणार होतो, पण आता कुणी विश्वास ठेवणार नाही.

ता. क. २. परवा चंद्रकांताबाईंच्या दाराशी खडूने घर उमटलं आहे. छप्पर उजवीकडे कललेलं आहे. मी संग्रामला काही सांगितलेलं नाही.

ता. क. ३. गोधडीच्या कडेला वीतभर तोंड मी उघडं ठेवलं आहे. संपदा सांगायची की तुमच्या आईची रीत आहे, गोधडी उपाशी बंद करायची नाही, माहेरच्या बाईने चिमूटभर तांदूळ आत घालायचे आणि मग शेवटचे टाके. तांदूळ माझ्याकडे आहेत. माहेरची बाई नाही. सुरुवातीला मी लिहिलं आहे की वर्षश्राद्धाला येऊ नका, माझं सगळं व्यवस्थित चाललं आहे. ते खोडलं नाही, कारण खोडायची सवय मोडली आहे. म्हणून त्याच्या शेजारी दुसरं लिहितो. ताई, या. लिफ्ट चालू आहे. जिन्यानेच यावंसं वाटलं तर जिथे भिंतीवर पुसट घर दिसेल तिथे थांबा, मी शेजारी उभा राहीन.

आता ऊन उतरलं. गोधडी आत आणतो, आणि तुम्हाला लागेल ती सुई आजच ओवून उशीत टोचून ठेवतो.